लय खोल नोको

पुण्यात माझी रूममेट 'गॉड ऑफ वॉर' खेळत होती. स्क्रीनवरच्या पाण्यातून डोंगराएवढा साप वर आला. "हा योर्मुंगांड. लोकीचा मुलगा. ओडिननं समुद्रात फेकला, तर एवढा वाढला की पृथ्वीला वेढा घालून स्वतःचंच शेपूट तोंडात धरून बसला," ती म्हणाली.

मला आमच्या दर्यापूरकडच्या शेतातली बोअरची गाडी आठवली.

2014 साल. पाऊस उशिरा आला, दुबार पेरणी झाली, श्रावणात पुन्हा दडी. बाबांनी उसने पैसे काढून बोअर ठरवला. गाडी आली नेमकी नागपंचमीला. त्या दिवशी आमच्याकडे तवा चढत नाही, जमीन खणत नाहीत.

आजी म्हणाली, "आज नोको खनू रे बाप्पा. खाली शेष हाय."

"पऱ्हाटी वायून राह्यली, माय. गाडी उद्या भेटत नाई."

संध्याकाळी पाणी लागलं. बाबांनी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकून टाकलं. खारं.

मी नुकतीच बारावी झाले होते. आजीला ऐकवलं, "शेषाचा काही संबंध नाही. हा खारपाणपट्टा आहे." अकोला, अमरावती, बुलडाण्यात पूर्णेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. गाळाच्या जाड थरांतलं पाणीच खारट. ते पिकाला दिलं तर सोडियममुळे काळी माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. पंचमीला खणा नाहीतर दसऱ्याला, चव तीच.

माझं बरोबर होतं. पण आजीनं "मी सांगितलं होतं" असं कधीच म्हटलं नाही, आणि बाबा त्या बोअरकडे बघेनासे झाले. उसने फिटायला तीन वर्षं लागली.

परवा गेमनंतर मी दोन्ही साप वाचत बसले. तेराव्या शतकात स्नॉरी स्टुर्लुसननं लिहिलेल्या एडामध्ये थॉर बैलाचं मुंडकं गळाला लावून योर्मुंगांडला ओढतो. शेवटच्या युद्धात त्याला मारतो, आणि विषानं नऊ पावलांवर स्वतः कोसळतो. महाभारतातला शेष भावांच्या भांडणाला कंटाळून तप करतो. ब्रह्मदेव त्याला सांगतात, डळमळती पृथ्वी स्थिर धर. तिकडचा साप वेढतो, आपला पेलतो. वेढणाऱ्याशी लढता येतं. पेलणाऱ्याचं काय करायचं? वर्षातून एक दिवस त्याला टोचायचं नाही, आजीचं एवढंच म्हणणं असावं. मी त्याला भूगर्भशास्त्राचं उत्तर दिलं होतं.

2017 च्या उन्हाळ्यात 'मागेल त्याला शेततळे' योजनेत आमचं तळं मंजूर झालं. आता खालचं पाणी नको, वरचं साठवायचं. जेसीबी बांधावर येऊन थांबला, तर बाबा घरी आले.

"खनू का, माय?"

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खन. पन लय खोल नोको."