कुलूप शाबूत, कोयंडा गायब

मलकापूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत, आणि मग अर्धं गाव गच्चीवर व उरलेलं कूलरपुढे झोपतं. याच दिवसांत शाळांना सुट्ट्या, लेकीसुना माहेरी, आणि लग्नसराई. म्हणजे ओळीतल्या दहा घरांपैकी तीन कुलुपात, चार घरांतली माणसं गच्चीवर, आणि राहिलेल्या तिघांच्या कानाशी कूलरची घरघर. चोराला याहून सोयीचे दिवस कोणते मिळणार? त्यातून आपलं गाव रेल्वेच्या मोठ्या मार्गावर आणि महामार्गावरही. रात्री दोन वाजता पाठीवर पिशवी टाकून कुणी गल्लीतून गेला, तर आपण कूस बदलून म्हणतो, असेल कुणी गाडीवरून उतरलेला.

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या ओळीतलं तिसरं घर फुटलं. घरची मंडळी जळगावला लग्नाला गेलेली. पहाटे दुधासाठी मी दार ओढते, तर दार हलेना. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा आवाज आला, "अवं माय, दार काऊन उघडून नाई राह्यलं वं?" त्यांचंही दार अडलेलं! एकूण पाच घरांना चोरांनी बाहेरून कड्या घातल्या होत्या. शेवटी गच्चीवर झोपलेला एक मुलगा पाइपाला धरून खाली उतरला आणि त्यानं सगळ्यांना मोकळं केलं.

त्या घराच्या पायरीवर कुलूप पडलं होतं. घट्ट बंद, अंगावर ओरखडासुद्धा नाही. चांगलं सहाशे रुपयांचं कुलूप होतं ते. ज्यात ते अडकवलं होतं तो कोयंडा मात्र चार स्क्रूंसकट, चौकटीची ढलपी घेऊन निघालेला. आपण पेपरात इतक्यांदा वाचतो, 'कडीकोयंडा तोडून घरात प्रवेश', आणि पान उलटतो. कुलूप तोडून, असं त्यात फारसं नसतं, हे कधी लक्षात आलंय तुमच्या?

कुलुपाची काळजी आपल्याला फार पूर्वीपासून. अर्देशिर गोदरेज हे मूळचे वकील. त्यांनी १८९७ साली मुंबईत कुलुपं बनवायला सुरुवात केली. शहरातल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. तेव्हापासून कुलूप सुधारत आलं. आपल्या चौकटीवरचा कोयंडा मात्र पुष्कळ घरांत आजेसासूबाईंच्या वेळचाच आहे. इंचभराच्या स्क्रूवर बसवलेला कोयंडा लोखंडी टॉमीच्या एका हिसक्यात येतो. त्याऐवजी चौकटीतून आरपार जाणारे बोल्ट घालून आतल्या बाजूनं नट आवळून घ्यावे. सुताराचं तासाभराचं काम आहे. नवं दार करत असाल तर दारातच बसणारं कुलूप घ्या. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे 'घरी कुणी नाही' अशी पाटीच. आणि हो, मागचं दार! पुढच्या दाराला अडीच हजारांचं लॉक आणि मोरीकडच्या दाराला आतून नुसती कडी, असं ज्यांच्याकडे असेल त्यांनी आज मागच्या अंगणात उभं राहून आपल्याच घराकडे जरा परक्या नजरेनं बघावं.

बाहेरून कड्या घालण्याची युक्ती नवी नाही, पण ती आपल्यावर येईपर्यंत आपल्या ध्यानात येत नाही. उपाय अगदी साधा आहे. दाराला आतलं लॉक असेल तर बाहेरची कडी काढूनच टाका. ती लागतच असेल तर रात्री झोपताना कडी मोकळी ठेवून नुसत्या कोयंड्यात एक छोटं कुलूप अडकवून ठेवा. मग बाहेरून कुणाला कडी घालता येत नाही. आमच्या ओळीत आता सगळ्या दारांवर अशी छोटी कुलुपं लटकतात. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. हसोत बापडी.

आता कूलर. हा आपल्या वऱ्हाडातलाच खास धोका, पुण्या-मुंबईच्या लेखांत तो सापडायचा नाही. कूलर खिडकीत बसावा म्हणून आपण जाळी कापतो, काही ठिकाणी गजच काढतो. बाहेर त्याला लोखंडी स्टँड, म्हणजे चढायला पायरी. आणि त्याच्या आवाजात शेजारच्या खोलीतलं कपाट उघडलं तरी ऐकू येत नाही. वेल्डरकडून कूलरच्या बाहेरून पिंजरा करून तो भिंतीत पक्का बसवून घेतला म्हणजे काम झालं. फक्त पाणी भरायला झाकण आणि त्याला कुलूप हवं. दसऱ्याला कूलर काढला की त्या भोकावर नुसता प्लायवूडचा तुकडा ठोकू नका. गच्चीवर झोपणाऱ्यांनी खालच्या दाराबरोबर जिन्याचं दारही लावावं, आणि घरातलं निदान एक माणूस खाली झोपावं. आमच्याकडे हा मान सासूबाईंनी आपणहून घेतलाय. त्यांना तशीही झोप नाही.

गावाला जाताना आपण शेजारी सांगून जातो, ती पद्धत सोडू नका. पण काय सांगायचं तेही ठरवा. नुसतं "लक्ष ठेवा हं" म्हणून भागत नाही. दाराशी रांगोळी नसली की दुसऱ्या दिवशीच कळतं की घर बंद आहे. म्हणून शेजारच्या मुलीला रोज चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढायला सांगावं. पेपर उचलायचा, दूध बंद करायचं, संध्याकाळी दिवा लावून सकाळी मालवायचा. दिवसाढवळ्या जळणारा बल्ब चोराला आमंत्रणच देतो. आणि फोनवरचे ते स्टेटस! शेगावहून दर्शनाचे फोटो, मग लग्नातले फोटो, मग "अजून चार दिवस मुक्काम". घर मोकळं असल्याची दवंडी आपणच पिटायची आणि वर कुलपाला दोष द्यायचा. परत आल्यावर टाका की सगळे फोटो, पळून थोडेच जातात? कॅमेरे बसवलेत त्यांना एकच सांगणं, त्याचं रेकॉर्डिंगचं खोकं टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर ते काखोटीला मारून नेतात.

त्या घरच्या वहिनी दुपारी आल्या. त्यांची पोत, पाटल्या आणि मुलीच्या लग्नासाठी भिशीच्या पैशातून एकेक करून जमवलेले दागिने गेले. एकोणीस वर्षांची भिशी. पोलिसांनी वर्णन विचारलं तर त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "पाटल्या होत्या. साध्याच. माझ्या आईच्या." वजन किती, घडण कोणती, पावती कुठे? त्या नुसत्या बघत राहिल्या. मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींना आपल्या पाटल्यांचं वजन पाठ आहे?

म्हणून हे काम फावल्या दुपारी करून टाका. प्रत्येक दागिन्याचा पुढून-मागून फोटो, शेजारी वजन लिहिलेली चिठ्ठी, सोनाराची पावती. आणि याची एक प्रत बहिणीकडे किंवा मुलाकडे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने सहा अक्षर-अंकांच्या खुणेनिशीच विकले जातात. ती खूण भिंगातून बघून वहीत उतरवावी. चोरीचा माल सापडला तर तो आपला म्हणून ओळखता आला पाहिजे ना! जप्त केलेले दागिने वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहू नयेत, पंचनामा आणि फोटो करून, हमी घेऊन ते मालकाला परत द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलंय. पण त्यासाठी आधी ओळख पटायला हवी.

लपवायच्या जागांबद्दल काय बोलावं? गव्हाची कोठी, तांदळाचा डबा, देवघर, साड्यांच्या घड्या. आपण सगळ्या एकाच आईच्या लेकी असल्यासारख्या त्याच चार जागा शोधतो आणि चोरही तिथूनच सुरुवात करतो. त्या दिवशी स्वयंपाकघरात गुडघाभर गहू पसरले होते. रोजच्या वापरात नसलेलं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये बरं. पण तिथेही एक गोष्ट माहीत असू द्या. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेच्या हलगर्जीपणामुळे लॉकर फुटला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. आत दहा लाखांचं सोनं असलं तरी आकडा तोच. तरी गव्हाच्या कोठीपेक्षा लॉकर शंभरपट चांगला, हे माझं मत.

चोरी झालेली दिसली की आधी आवरायला घेऊ नका. आपल्या बायकांचा हात लगेच केरसुणीकडे जातो. काही न हलवता ११२ ला फोन करायचा, ठशांचं काम होऊ द्यायचं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती मागून घ्यायची. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ऑनलाइन खबरही देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. पोलीस यायच्या आतच गल्लीनं चोर ठरवून टाकला होता. एक बोट वहिनींकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईकडे, दुसरं गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांकडे. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण आपल्या ओट्यावरच्या गप्पांतून काही गेला नाही. त्या बाईची त्या आठवड्यात तीन घरची कामं सुटली. कुणी तिला "तू चोरलंस" म्हणालं नाही, "सध्या नको" एवढंच. तिच्याविरुद्ध काहीही निघालं नाही, चोर अजून सापडलेले नाहीत, आणि त्या तीन घरांनी तिला परत बोलावलेलं नाही. आमच्याकडे ती येते. संशय असेल तर तो पोलिसांना सांगावा, पुरावा त्यांनी शोधावा. ओट्यावर बसून निकाल देऊ नये.

राहिली दारातली गाडी. गल्लीत गॅरेज कुणाकडे? गाडी रस्त्याच्या कडेलाच उभी असते. शक्य असेल तर दिव्याखाली आणि तोंड भिंतीकडे करून लावावी. आत पर्स, पिशवी, मोबाइल, काही दिसता कामा नये; रिकामी पिशवीसुद्धा काच फोडायला पुरते. स्कूटरला हँडल लॉक तर हवंच, शिवाय चाकाला साखळी. किल्ल्या अडकवायची खुंटी खिडकीपासून लांब हलवा, काठीला आकडा लावून त्या बाहेरून काढता येतात. गाडीच्या कागदांची मूळ प्रत गाडीत ठेवायची गरज नाही, डिजीलॉकरमधली चालते. महामार्गावर कुणी "मॅडम, ऑइल गळतंय" म्हणून खुणावलं, तर गाडी तिथे थांबवू नका, गर्दीच्या पेट्रोलपंपावर जाऊन बघा. एकजण ऑइल दाखवतो तोवर दुसरा मागच्या सीटवरची बॅग उचलतो. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावूनच येते, जुन्यांनाही ती आता लावायची आहे. ती एकदाच बसणाऱ्या कुलुपानं जखडलेली असते, त्यामुळे पाटी बदलून गाडी पसार करणं अवघड जातं.

आणि विम्याचा कागद एकदा नीट वाचा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक पैसाही मिळत नाही. त्यासाठी पूर्ण, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा हवा. तो असला तरी भरपाई मागताना कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली कुठे आहे असं मी परवा आमच्या ह्यांना विचारलं. "कपाटात," ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. निघाली ती माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, तीही दोन वर्षांपूर्वी विकलेल्या स्कूटरच्या किल्लीला बांधलेली.