उरलेलें वरण

डोणगांवच्या आमच्या घरीं उरलेल्या अन्नाचा प्रश्न पूर्वीं पडत नसे. तें गोठ्यांत जाई. आतां गोठा रिकामा आहे, मुलें परगांवीं आहेत, आणि दोघांपुरतें रांधणें सौभाग्यवतींच्या हातास अद्याप साधत नाहीं. म्हणून पिशवींतील हवा शोषून तिचें तोंड चिकटविणारें यंत्र घ्यावें, असें ठरलें. कारण हवा राहिली, तर फ्रीजरमध्यें गोठलेलें अन्नही कालांतरानें कोरडें व बेचव होतें.

पोळ्यांना कोणतेंही यंत्र चालतें. खरी परीक्षा वरणाची! पिशवीच्या तोंडाशीं हवा ओढणारें यंत्र हवेबरोबर वरणही ओढूं लागतें. पिशवी आंत ठेवून सबंध पेटींतलीच हवा काढणारीं यंत्रें ही अडचण टाळतात. पण तीं जड आणि महाग. आम्हीं साधेंच घेतलें. वरण आधीं वाटींत गोठवावयाचें, मग तो गोळा पिशवींत घालावयाचा. शोषण थांबवून नुसतें तोंड चिकटविण्याची निराळी कळ आहे ना, एवढें मात्र पाहून घेतलें.

हवा जाते, जंतु जात नाहींत. बोट्युलिझमचे जंतु तर हवेवांचूनच फोफावतात. उणें १८ अंशांची थंडी टिकेल तोंवरच भरंवसा. आणि उन्हाळ्यांत वीज जाते, तेव्हां आमचें लक्ष पुस्तकांत लागत नाहीं.

"त्यापेक्षां मूठभर डाळ कमी शिजवूं," असें सौभाग्यवती म्हणतात. आम्हांस तें पटलें होतें. परंतु परवां त्यांनीं पुरणाच्या पिशव्यांवर मुलांचीं नांवें लिहिलेलीं दिसलीं.