पाटीवर काय लिहू म्हणतेस?

ठाणे

चि. छोटी,


विचारलंस एवढंच, की सोसायटीच्या गाळ्यात समुपदेशन केंद्र काढायचं तर पाटीवर 'मानसिक आरोग्य' लिहावं की 'वेलनेस'. पण 'मानसिक' म्हटल्यावर सभा गप्प झाली आणि 'वेलनेस' म्हटल्यावर भराभर हात वर झाले, हे तू इतक्या खुशीत लिहिलंस की मी चहा तसाच ठेवून लिहायला बसलो.

अगं, ठाणेकराला हे सांगतेस? लहानपणी 'ठाण्याचा' म्हटलं की पुण्याची आतेभावंडं फिदीफिदी हसायची, स्वतःच्या गावात येरवडा असून! 1901 सालचं आमचं ते वेड्यांचं इस्पितळ. 1920 च्या सुमारास इंग्रजांनी देशभरची 'असायलम' पुसून 'मेंटल हॉस्पिटल' केली. 1912 च्या कायद्यातला 'ल्युनॅटिक' 1987 च्या कायद्याने घालवला. आपण 'मनोरुग्णालय' म्हणू लागलो. झालं काय? सभ्य म्हणून आणलेला 'मेंटल' आज शाळेतली पोरं शिवीसारखा फेकतात. उद्या म्हणतील, 'वेलनेसला जातो वाटतं हा!' ठाणे-मुलुंडच्या मधलं नवं स्टेशन मनोरुग्णालयाच्याच जागेवर व्हायचंय. त्याला ते नाव द्या म्हणणारा एक तरी निघेल का, सांग.

नाव बदलूच नये असं नाही. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये इथे संस्था काढली, तेव्हा त्यांनीही रोग सोडून आरोग्य हा शब्द धरला. पण मन पाटीवर राहू दिलं. तुझ्या 'वेलनेस'मध्ये योगासनंही येतील, फेशियलही येईल. ज्याला रात्रभर झोप नाही, त्याने हे आपल्यासाठी आहे असं कशावरून ओळखायचं?

पाटीचं राहू दे. दादा 'ट्रेनिंगला' गेला होता असं तू शेजारी सांगतेस, हे तुझ्या वहिनीकडून कळलं. मागे औषधाच्या दुकानात ओळखीचं कोणी दिसलं म्हणून त्याने गोळ्या आणणंच सोडलं होतं, विसरलीस? 2017 च्या कायद्याने मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा द्यावा लागतो, आणि तुम्ही वहिनीच्या ऑफिसच्या अर्जात 'अशक्तपणा' लिहिलंत! पैसे कशाचे मिळणार? खरं नाव लिहा, डॉक्टरांचे कागद जोडा.

जेवतो का नीट? टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 फ्रिजवर लावून ठेव. पुढच्या तारखेला मीच डोंबिवलीला येतो त्याला न्यायला. संध्याकाळच्या लोकलला त्याला एकट्याला बसवू नकोस, गर्दी सोसत नाही त्याला.

तुझा,
मामा