लाल दिवा आणि अर्धा किलो प्रेशर

डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं एक लाल चित्र असतं, टोकाला थेंब लोंबत असलेलं. चावी फिरवली की ते उजळतं, इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत विझतं. बहुतेकांची त्याच्याशी ओळख एवढीच. चालत्या गाडीत ते पुन्हा उजळलं तर काय करायचं, यावर मात्र रस्त्यावर दहा माणसांची दहा मतं मिळतात. लिंबागणेशला ती सगळी मी एकाच दुपारी ऐकली.

संकष्टी होती. भालचंद्र गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही बीडला परत निघालो होतो. गाडी दाजींची, चालवतही तेच होते. सकाळी मांजरसुंब्याचा घाट चढून आलेलं इंजिन मंदिरापाशी थोडा वेळ थांबलं होतं, पण ऊन असं की थंड झालंच नव्हतं. गर्दीत गाडी जागेवर सुरू ठेवून थांबावं लागलं आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर दिला की विझायचा, पाय काढला की परत. दाजींनी गाडी कडेला घेतली आणि लगेच चावी बंद केली. त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम ते हेच.

इंजिनाचा क्रँक ज्या बेअरिंगांत फिरतो, त्या दोघांमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते. पंपानं दाबून पाठवलेलं ऑईल त्या फटीत शिरतं आणि धातूला धातू लागू देत नाही. टर्बोचंही तसंच. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तो तरंगत असतो ऑईलच्या पातळ थरावर. प्रेशर गेलं की हा थर तुटतो. मग बेअरिंग तापतं, घासतं आणि शेवटी धरतं. त्याला तास लागत नाहीत, काही मिनिटं पुरतात. इंजिन धरलं की खर्च हजारांतून थेट लाखाकडे जातो.

शिवाय हा दिवा उशिरा बोलतो. त्यामागचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या खाली दाब गेला तरच जोडला जातो. गॅरेजात दाब किलोतच मोजतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तेवढे किलो. चांगल्या इंजिनात तापल्यावर, जागेवर, एक किलोच्या आसपास दाब असतो आणि पळताना तीन-चार. पळताना दाब चारावरून एकावर घसरला, तरी दिवा गप्पच राहतो. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पॅनलवर ऑईल प्रेशरचा काटा असतो, त्यामुळं नांगरटीला जाणारा माणूस दाब उतरताना डोळ्यांनी पाहतो. कारवाल्यांकडून हा काटा कंपन्यांनी काढून घेतला, हे माझ्या मते वाईट झालं.

भोवती माणसं जमली. एकानं सांगितलं, सेन्सर खराब असेल, वायर काढून टाका. दुसरा म्हणाला, ‘‘वरून लिटरभर ऑईल टाका, बीडपर्यंत निवांत जाल.’’ दोघांच्याही बोलण्यात आपुलकी होती. सेन्सर खरोखर बिघडतात, आणि ऑईल कमी होणं हे तर दिवा लागण्याचं नेहमीचं कारण. इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर दगडावर आपटून फुटलं, तर ऑईल रस्त्यावर सांडतं. पातळी आधीच खाली गेली असेल, तर घाटाच्या चढाला ऑईल चेंबरच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. पण गाडीखाली थेंबही नव्हता. इंजिनाला थोडी उसंत देऊन दाजींनी ऑईलची पातळी दाखवणारी कांडी ओढली, पुसली, परत घालून पाहिली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर होतं.

जवळच्या ट्रॅक्टर गॅरेजातले मिस्त्री आले. त्यांनी कांडीवरचं ऑईल दोन बोटांत चोळलं, हुंगलं.

‘‘सर, ऑईल कमी न्हाई, वाढलंय. डिझेल उतरलंय ह्यात.’’

दाजी शिक्षक. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि गाडी बहुतेक तेवढ्याच फेरीला निघते. दुखण्याचं मूळ तिथं होतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे धुराचं मानक लागू झालं आणि डिझेल कारच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला; त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला आत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती मिळवण्यासाठी बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरानं जादा डिझेल सोडलं जातं. महामार्गावर गाडी अर्धा तास एकसारखी पळाली, तर हे काम पुरं होतं. शाळेच्या दारात इंजिन बंद झालं, तर ते अर्धवट राहतं, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. ऑईल वाढत जातं आणि पातळ होत जातं. पातळ ऑईल गरम झाल्यावर बेअरिंगांच्या फटींतून भराभर निसटतं आणि पंप जागेवर हळू फिरत असताना दाब टिकत नाही. ॲक्सिलरेटर दिल्यावर दिवा का विझत होता, ते यात आलं.

वरून आणखी ऑईल घालणं म्हणूनच धोक्याचं होतं. चेंबर प्रमाणाबाहेर भरलं, तर ऑईल हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं, आणि मग चावी बंद केली तरी थांबत नाही.

टोचन लावून नेऊ, अशी एक सूचना आली. मिस्त्रींनी ती मोडून काढली. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. मांजरसुंब्याचा उतार दोरीवर उतरायचा नाही, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. बीडहून गाडी वाहणारा ट्रक मागवला. त्याला वेळ लागला, पैसेही लागले, पण तोच रस्ता बरोबर होता.

बीडच्या गॅरेजात पहिला सल्ला मिळाला तो इंजिन उतरवण्याचा: पंप आणि बेअरिंगं बदलून टाकू. दाजी अडून बसले. आधी प्रेशर मोजा, म्हणाले. सेन्सर काढून त्याच्या जागी काट्याचं गेज लावलं. इंजिन तापल्यावर जागेवर काटा अर्ध्या किलोपाशी थरथरत होता. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग जुनं ऑईल सोडलं. ते पाण्यासारखं पडलं आणि डिझेलचा वास गॅरेजभर झाला. नवा फिल्टर बसवला. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं, ट्रॅक्टरचं चालत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचाच डबा आणला. पुन्हा इंजिन तापवलं. जागेवर सव्वा किलो, दोन हजार फेऱ्यांना तीनच्या वर. स्कॅनर लावून डीपीएफही साफ करून घेतला.

गेजनं तरीही अर्धाच किलो दाखवला असता, तर चेंबर खोलायचं होतं. मग ऑईल ओढणारी जाळी गाळानं बुजलीय का, पंपाचा व्हॉल्व्ह अडकलाय का, हे पाहायचं आणि बेअरिंगं सगळ्यात शेवटी. क्रम हाच असावा. जुन्या, बिनडीपीएफच्या डिझेल गाडीत ऑईल वाढलं, तर गळका इंजेक्टर शोधायचा.

दाजी आता दर रविवारी गाडी सोलापूर रस्त्याला लांब पळवून आणतात आणि निघण्याआधी सपाट जागेवर कांडी पाहतात. दिवा पुन्हा लागलेला नाही. तुमच्या गाडीचा लागला आणि गॅरेजात इंजिन उतरवायची भाषा सुरू झाली, तर एवढंच विचारा: गेजवर गरम इंजिनाचं प्रेशर किती किलो आलं? आकडा सांगता येत नसेल, तर पान्याला हात लावू देऊ नका.