व्यासपीठावरील कादंबरीकार

व्याख्यानाच्या मंचास आपण मराठींत ‘व्यासपीठ’ म्हणतों. हा शब्द आतां इतका सर्रास झाला आहे कीं, निवडणुकीच्या सभेपासून बक्षीससमारंभापर्यंत चार फळ्यांच्या कोणत्याहि मांडवास तो लावण्यांत येतो. परंतु त्याचा मूळचा अर्थ मनांत आणला, म्हणजे त्या जागेवरून बोलणाराची जबाबदारी केवढी आहे हें ध्यानांत येतें. पुराणिक ज्या आसनावर बसून पुराण सांगे तें व्यासाचें आसन. तेथून निघालेला शब्द पुराणिकाचा राहत नसे, व्यासाचा होई, आणि ऐकणारा तो त्याच श्रद्धेनें घरीं नेई. आज त्या आसनावर पुराणिकाच्या जागीं पुष्कळदां ऐतिहासिक कादंबरीकार येऊन उभा राहतो. श्रोता मात्र अजून तसाच श्रद्धाळू आहे. ह्या गोष्टीविषयीं चार शब्द लिहावे, असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें.

आमचें एकत्र कुटुंब बारामतीस राहतें आणि आमच्या आत्याबाईंचें घर इंदापुरास आहे. त्यामुळें दिवाळी सरून थंडी पडूं लागली व चौकाचौकांत व्याख्यानमालांचे फलक दिसूं लागले, कीं कधीं ह्या गांवीं तर कधीं त्या गांवीं घरचीं पांच-सात माणसें घेऊन आम्ही श्रोत्यांत जाऊन बसतों. ऐतिहासिक कादंबरीकाराचें व्याख्यान असलें म्हणजे उशिरा येणारास भिंतीशीं उभें राहावें लागतें. शाल, श्रीफळ, परिचय हे सोपस्कार आटोपतात, वक्ता बोलूं लागतो, आणि पहिल्या पांच मिनिटांत सारी सभा शनिवारवाड्यांत नाहीं तर पानिपतावर जाऊन पोंचते. व्याख्यान संपलें कीं दाराशीं मांडलेल्या टेबलाभोंवतीं गर्दी होते. लेखक स्वाक्षऱ्या करतात, सवलतीच्या किंमतींत प्रती विकल्या जातात, आणि एखादा जाडजूड ग्रंथ काखेस मारून मंडळी घरीं परततात.

ऐकण्याची ही हौस ह्या भूमीला नवी नाहीं. कऱ्हेच्या कांठच्या ह्याच बारामतींत श्रीधरस्वामींनीं १७१८ सालीं ‘शिवलीलामृत’ पुरें केलें. त्याचा अकरावा अध्याय अजून कित्येक घरांत नित्य वाचला जातो. पुढें मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याहून येथें आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयास राहून पुराण सांगूं लागले. पंतांनीं सारें भारत आर्यांत आणलें. अष्टोत्तरशत रामायणें रचल्याची तर त्यांची ख्यातिच आहे. एकच रामकथा, पण घाट प्रत्येक वेळीं नवा! तरी त्यांचा श्रोता कधीं फसला नाहीं. कथा कोणाची आणि कौशल्य कोणाचें, हें सांगणारास व ऐकणारास दोघांसहि ठाऊक होतें. पोथी समोर उघडी असे. पोथीवरची दृष्टि काढून पुराणिक स्वतःचा दृष्टांत देऊं लागला, कीं आतां हा पदरचें सांगतो आहे हें शेवटच्या रांगेंतल्या म्हातारीसहि कळे.

कादंबरीचें वाचनहि प्रथम असेंच उघड्या पोथीचें होतें. रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची ‘मोचनगड’ १८७१ सालीं पुस्तकरूपानें आली, आणि मराठींत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ त्यांच्या ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः येत असे. आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलें आहे, कीं त्यांच्या लहानपणीं रात्रीं दिव्याभोंवतीं बसून एकानें कादंबरी वाचावी व इतरांनीं ऐकावी. मध्येंच कोणीं तरी ‘हें खरें का हो?’ म्हणून विचारावें आणि त्यावरून वाद माजून वाचन तेथेंच थांबावें. सभागृहांत असें थांबवितां येत नाहीं. ध्वनिवर्धकापुढें उभ्या असलेल्या वक्त्यास कोण अडविणार?

पुस्तकविक्रीच्या प्रकारास नाक मुरडणारे लोक आहेत. लेखकानें लिहावें, विक्री दुकानदारानें करावी, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस तें पटत नाहीं. कीर्तनाच्या शेवटीं आरतीचें तबक फिरतच असे, आणि समाप्तीच्या दिवशीं पुराणिकाची बोळवण यथाशक्ति दक्षिणा देऊनच होत असे. लहान गांवीं चांगलें मराठी पुस्तक सहज हातीं लागत नाहीं. तेथें लेखकच तें घेऊन आला, तर त्यानें वाचकाचा एक हेलपाटाच वांचविला. आमचा आक्षेप तबकावर नाहीं. आरतीपूर्वीं जें निरूपण झालें, त्यांत पोथी किती आणि पदर किती, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे.

कादंबरीकारांचें ऋण आम्ही विसरत नाहीं. संभाजीमहाराजांची उच्छृंखल व व्यसनी अशी मूर्ति बखरींनीं आणि नाटकांनीं घरोघर बसविली होती. वा. सी. बेंद्रे ह्यांनीं कित्येक वर्षें जुने कागद धुंडाळून १९६० सालीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि ती मूर्ति किती खोटी होती हें दाखवून दिलें. पण तें चरित्र अभ्यासकांच्या कपाटांत राहिलें. शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ सालीं निघाली, तेव्हां तें नवें दर्शन स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोंचलें. २०२५ सालीं त्या कादंबरीवरून हिंदी चित्रपट निघाला, आणि मराठी न येणारांसहि तें घडलें. पानिपतच्या काळचीं पत्रें इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालींच आपल्या पहिल्या खंडांत छापलीं होतीं. परंतु विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ सालीं हातीं पडेपर्यंत आमच्या घरांतील किती जणांना भाऊसाहेबांच्या छावणींतील उपासमार ठाऊक होती? आमच्या गांवाचेंच उदाहरण घ्या. १८०२ च्या ऑक्टोबरांत यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने ह्यानें बारामतीस पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेस हडपसरची प्रसिद्ध लढाई झाली. आमच्या मुलांस ही हकीकत शाळेंत कोणीं सांगितली नाहीं. ना. सं. इनामदारांची यशवंतरावांवरील ‘झुंज’ (१९६६) वाचून एकानें प्रश्न केला, म्हणून ती शोधावी लागली. कादंबरीनें जिज्ञासा जागी केली, तर तिच्याकडून याहून अधिक काय मागावें?

परंतु जिज्ञासा जागी होण्याऐवजीं तिचें समाधानच होऊन गेलें, म्हणजे अडचण उभी राहते. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे इंदापुरच्या रणांत पडले अशी परंपरा आहे; त्यांच्या नांवाची गढी गांवांत आहे. इंदापुरास आलेला कोणताहि वक्ता ह्या प्रसंगास हात घातल्याशिवाय राहत नाहीं, आणि राहूंहि नये. परंतु मालोजीराजांच्या मृत्यूचें सालसुद्धां निरनिराळ्या अभ्यासकांनीं निरनिराळें धरलें आहे. ज्या घटनेचें साल एकमतानें ठरलेलें नाहीं, त्या घटनेंतील अखेरचे उद्गार मात्र व्याख्यानांत अक्षरशः ऐकूं येतात.

असेंच एक व्याख्यान आत्याबाईंनीं ऐकलें. त्यांचें वय ऐंशींच्या पुढें; स्मरणशक्ति अशी कीं ऐकलेलें वाक्य विसरावयाचें नाहीं. राजांचे ते उद्गार त्या रोज रात्रीं नातवंडांस सांगूं लागल्या, आणि सांगतांना दर वेळीं त्यांचा कंठ दाटून येई. थोरल्या नातवानें तीं वाक्यें इतिहासाच्या वहींत उतरलीं. शिक्षकांनीं समासांत एक प्रश्नचिन्ह काढून ‘आधार?’ एवढेंच लिहिलें. पोरगा आमच्याकडे आला आणि हळूच म्हणाला, “काका, मग आजी खोटें बोलली का?”

हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस छळीत राहिला. आजी खोटें बोलली नव्हती. कादंबरीकारहि खोटें बोलला नव्हता. त्याच्या पुस्तकाच्या वेष्टनावर ‘कादंबरी’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला होता. परंतु पुस्तक घरीं राहिलें आणि लेखक व्यासपीठावर चढला, तेव्हां तो शब्द मागेंच राहून गेला. पुढें आजीच्या तोंडून ती गोष्ट निघाली तेव्हां तिला पुराणाचें वजन आलें. तीन पायऱ्यांत कल्पनेचा इतिहास झाला, आणि त्याचा भार एका दहा वर्षांच्या मुलावर पडला. कारण आजीवरील विश्वास कीं शाळेवरील, असा पेंच त्याच्यापुढें उभा राहिला. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें वडीलधाऱ्यांचा शब्द हेंच मुलांचें पहिलें पाठ्यपुस्तक असतें. त्यास असा धक्का बसणें ही लहानसान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, तीनशें-चारशें वर्षांपूर्वींच्या माणसाच्या तोंडीं चार शब्द घातले तर बिघडलें कोठें? ह्याचें उत्तर त्याच इंदापूर तालुक्यांत सांपडतें. उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें आणि भीमाकांठचीं कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. जुनें पळसदेव त्यांपैकींच एक. दुष्काळाच्या सालीं पाणी फार ओसरलें, म्हणजे तेथील पळसनाथाचें देऊळ वर येतें, आणि उठून गेलेले लोक दर्शनास जातात. विश्वास पाटलांनीं ‘पानिपत’नंतर ‘झाडाझडती’ ही धरणग्रस्तांवरील कादंबरी लिहिली. तिला १९९२ चें साहित्य अकादमी पारितोषिक मिळालें. अशा विषयावर कोणीहि लेखक येथें बोलूं लागला, तर तो शब्द तोलूनच बोलेल. कारण सभेंत तिसऱ्या रांगेंत बसलेला एखादा म्हातारा उठून म्हणूं शकतो, ‘साहेब, आमच्या गांवीं असें झालें नाहीं.’ मालोजीराजे, भाऊसाहेब, यशवंतराव ह्यांपैकीं कोणीहि असें उठून उभें राहणार नाहीं. जो साक्षीदार समोर बसलेला आहे त्याच्याविषयीं जेवढी काळजी घ्यावयाची, तेवढीच जो कायमचा गप्प झाला त्याच्याविषयींहि घ्यावी, असें आम्हांस वाटतें. किंबहुना थोडी अधिकच घ्यावी; कारण त्याची बाजू मांडणारा दुसरा कोणी नाहीं.

असें केल्यानें व्याख्यान बेचव होईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. दोन वर्षांमागें बारामतीस एका कादंबरीकाराचें व्याख्यान चाललें होतें. शेवटीं कॉलेजांत शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि तिनें विचारलें, “आपण आतां सेनापतीचें जें वाक्य सांगितलें, तें तो खरोखर बोलला होता काय?” व्यवस्थापक चुळबुळूं लागले; आभारप्रदर्शनाची वेळ होऊन गेली होती. परंतु वक्त्यानें त्यांस हातानें थांबविलें आणि शांतपणें सांगितलें, “नाहीं. लढाई कागदांत आहे, सेनापतीचें नांव कागदांत आहे, त्याच्या जखमाहि कागदांत आहेत. तें वाक्य माझें आहे.” सभा क्षणभर निःशब्द झाली. मग त्यानें आपण होऊन आणखी पंधरा-वीस मिनिटें घेतलीं. कागद कोठें मिळाले, रणभूमीवर आपण कोणत्या दिवसांत हिंडलों, कागद कोठें संपले आणि तेथून पुढें कल्पनेचा हात कसा धरावा लागला, हें सारें त्यानें उलगडून सांगितलें. त्या सायंकाळचा तोच भाग आमच्या मंडळींच्या अजून तोंडीं आहे. दाराशीं पुस्तकें नेहमींसारखींच खपलीं. आम्हींहि एक घेतलें.

ही रीत मराठीस परकी नाहीं. रणजित देसायांची ‘श्रीमान योगी’ (१९६८) उघडली कीं कथेपूर्वीं नरहर कुरुंदकरांचें प्रदीर्घ विवेचन भेटतें. शिवचरित्रांतील अवघड प्रश्न कोणते, पुरावे कोठें तोकडे पडतात, ह्याची ती परखड चर्चा आहे. एवढ्या लोकप्रिय लेखकानें आपल्या ग्रंथाच्या दारांतच एका चिकित्सकास बसविलें, आणि त्यामुळें ग्रंथाचा वाचक कमी झाला नाहीं. पुस्तकाच्या आरंभीं जें साधलें, तें व्याख्यानाच्या आरंभीं कां साधूं नये? ‘मी सांगतों ती कादंबरी आहे, हिचा सांगाडा इतिहासाचा आणि मांस माझें आहे,’ एवढें म्हणण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

व्यवस्थापकांसहि आमची एक विनंति आहे. आभार आटोपशीर करून प्रश्नांसाठीं पाव घटका राखावी, आणि दाराच्या टेबलावर कादंबरीशेजारीं त्याच विषयावरील एखादें चरित्र किंवा कागदपत्रांचा खंड मांडावा. दहांतील एकानें जरी तो चाळला तरी श्रम सार्थकीं लागतील.

घरचें काम मात्र घरांतच व्हावयास हवें. त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्हीं आत्याबाईंशीं बोलावें कीं न बोलावें, ह्याचा विचार पुष्कळ केला. त्यांच्या श्रद्धेस धक्का बसेल असें घरांत कित्येकांचें मत होतें. अखेर आम्हीं कादंबरीची प्रस्तावनाच त्यांस वाचून दाखविली. लेखकानें तींत कोठें कल्पना केली आहे तें स्वतःच लिहिलें होतें. आत्याबाई ऐकून थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “अरे, मोरोपंतांनीं नाहीं का रामाच्या तोंडीं आर्या घातल्या? म्हणून राम खोटा झाला का? पण त्या गृहस्थानें तसें सांगायला हवें होतें.” साठ-सत्तर वर्षें पुराणें ऐकलेल्या त्या बाईंस पोथी आणि पदर ह्यांतला भेद आम्हीं नव्यानें शिकविण्याची गरज नव्हती.

आतां आत्याबाईंच्या घरीं रात्रींच्या गोष्टींत दोन शब्द रूढ झाले आहेत: ‘कागदांतलें’ आणि ‘कादंबरींतलें’. मुलें मध्येंच विचारतात, आजी हें कोणतें? त्याहि सांगतात, आणि ‘कादंबरींतलें’ म्हणून सांगतांना त्यांचा कंठ पूर्वींइतकाच दाटून येतो.