दम

अंबड रस्त्यावरच्या आमच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडखाली, अण्णांची प्रीमियर पद्मिनी २०१३पासून उभी होती. गेल्या हिवाळ्यात भंगारवाला दुसऱ्यांदा येऊन गेला. जालना हे सळईचे गाव. येथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. म्हणजे गाडी विकली असती तरी ती फार लांब गेली नसती. जवळपासच्याच कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसली असती. घरात या व्यवहाराला कुणाचाही विरोध नव्हता. 'इंजिन गेलेले आहे' हे वाक्य आम्ही इतकी वर्षे ऐकत आणि उच्चारत आलो होतो, की त्याला पुरावा मागावा असे कुणालाच वाटले नाही. मलाही नाही. अण्णा हयात असताना 'विकून टाका' असे सर्वांत आधी म्हणणारा मीच होतो.

होकार देण्यापूर्वी एकदा दाखवून घ्यावे, एवढ्याच हेतूने जुन्या जालन्यातील एका वृद्ध मिस्त्रींना मी मळ्यावर घेऊन गेलो. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, इंजिन गेलं म्हणता, पण मोजलं होतं का कुणी?"

कुणीही मोजलेले नव्हते.

पद्मिनी ही मूळची इटालियन फियाट ११००. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात घडवली. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे इंजिन रचनेने साधे आहे. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण सातपटींहून अधिक आवळतो. ते नीट आवळले गेले नाही, तर ठिणगी पडूनही स्फोटात जोर राहत नाही. मिस्त्री लोक या आवळण्यालाच 'दम' म्हणतात. दम निसटण्याच्या मुख्य वाटा तीन: पिस्टनच्या रिंगा, वॉल्व्ह आणि हेडचे गॅस्केट. दाब कमी भरला एवढ्यावरून यांपैकी वाट कोणती, हे कळत नाही. तो आकडा म्हणजे केवळ तक्रार. निदान त्याच्या पुढे सुरू होते.

दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीला लगेच चावी मारायची नसते. रिंगा खाचांत चिकटलेल्या असतात, सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरलेला असतो. जबरदस्ती केली तर जे शाबूत आहे तेही ओरखडते. चाचांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडे तेल सोडले आणि आम्ही चार दिवस थांबलो. मग गाडी चौथ्या गिअरात टाकून बोटभर पुढे, बोटभर मागे ढकलली. इंजिन फिरले. तरीही चाचांनी गेज लावला नाही. भिंतींवरच्या तेलाने रिंगांच्या फटी बुजतात आणि दाब खोटाच चांगला भरतो. "हा उसना दम आहे, सर," ते म्हणाले. ते तेल फेकून, निथळून गेल्यावर, नवी बॅटरी लावून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून त्यांनी एकेक सिलिंडर मोजला: १०५, ५०, १००, ७० पौंड.

मग दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजले. चौथ्याचा आकडा सत्तरवरून शंभरावर गेला. म्हणजे तेथे रिंगांतून गळत होते. हे उभे राहण्याचे दुखणे, पुढे गाडी चालू लागली की बरेचसे ओसरेल, असे चाचांचे मत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असते तर गॅस्केटचा संशय घेता आला असता, तसे नव्हते. दुसरा मात्र तेल पिऊनही पन्नासावरच राहिला. म्हणजे रिंगा नव्हेत, वॉल्व्ह. दोन्ही वॉल्व्ह मिटलेले असायला हवेत अशा जागी पिस्टन आणून चाचांनी प्लगच्या भोकातून हवा भरली आणि मला सायलेन्सरला कान लावायला सांगितले. आत कुणी दीर्घ उसासा टाकावा तसा आवाज येत होता.

रॉकरवरचे झाकण काढल्यावर कारण दिसले. थंड इंजिनात रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये कागदाच्या एक-दोन पानांएवढी फट असावी लागते. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हवर ती नव्हतीच. तो वॉल्व्ह कधी पूर्ण मिटतच नव्हता. "आवाज करणारा टॅपेट इंजिन खात नाही," चाचा म्हणाले, "गप्प बसलेला खातो."

हे वाक्य ऐकून मला अण्णांची वही आठवली. पेट्रोल, किलोमीटर आणि दुरुस्ती यांची नोंद ते मास्तरी अक्षरात ठेवत. घरी येऊन ती उघडली. २०१०च्या पावसाळ्यातली ओळ होती: 'टॅपेट आवळून घेतले. टकटक बंद. समाधान.' ही ओळ मी पूर्वीही वाचली होती आणि तिच्यात मला केवळ त्यांची टापटीप दिसली होती. त्यानंतर पानोपानी गाडीचे अॅव्हरेज घसरत जाते. २०१२मध्ये 'चढाला दम लागतो' अशी नोंद आहे, आणि पुढे एका गॅरेजचा निर्वाळा: इंजिन पूर्ण बांधावे लागेल. त्या दुष्काळात मोसंबीची झाडे जगवण्यासाठी टँकरचे पाणी विकत घेणे चालू होते. अण्णांनी झाडे निवडली आणि गाडी शेडखाली लावली.

फट नाहीशी होण्याला आवळणे हे एकच कारण असेल असे नाही. २०००च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यावर जुन्या इंजिनांच्या वॉल्व्हच्या बैठकी झिजतात, वॉल्व्ह आत बसतो आणि फट आपोआप कमी होते. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. उभे राहिल्याने गंज चढतो, रिंगा चिकटतात. स्क्रू मात्र आवळला जात नाही. चौथ्या सिलिंडरचा दोष काळाचा होता. दुसऱ्याचा आमचा होता, आणि तो गाडी उभी करण्याच्या आधीचा होता. एवढी वर्षे आम्ही दोन्ही दोष एकाच वाक्यात कोंबून ठेवले होते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाने पुराव्यावाचून एखाद्या संहितेवर असा शेरा मारला असता, तर मीच त्याला हटकले असते.

फट नीट केल्यावर दुसरा सिलिंडर ऐंशीपर्यंत आला. उसासा कमी झाला, थांबला नाही. वॉल्व्हची कड जळलेली असणार. हेड उतरवून वॉल्व्ह घासून बसवावे लागतील. तो खर्च २०१३मध्येही एका टँकरच्या आसपासच झाला असता, असे चाचा सहज बोलून गेले. मी काही बोललो नाही.

भंगारवाल्याला नकार कळवला आहे. अण्णांच्या वहीतल्या शेवटच्या नोंदीखाली पान कोरे होते. तेथे चारही आकडे लिहिले आणि खाली एक ओळ: 'टॅपेट सैल केले. आता आवाज येईल.'