परीक्षेचे माप

शाळेतील मुलांची परीक्षा त्यांच्याच शिक्षकांनी घ्यावी, की बाहेरच्या मंडळाने साऱ्या राज्याची एकाच प्रश्नपत्रिकेने घ्यावी, हा वाद आपल्याकडे नवा नाही. दर वर्षी दहावीचा निकाल लागला म्हणजे तो पेटतो आणि अकरावीचे प्रवेश आटोपले म्हणजे निवतो. आम्ही गेली वीसाहून अधिक वर्षे मराठी शिकवीत आहो, आणि त्यांतील बहुतेक वर्षी मंडळाच्या उत्तरपत्रिकाही तपासल्या आहेत. म्हणजे दिवसा आम्ही मुलास नावागावाने ओळखणारे शिक्षक असतो, आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री दिव्याखाली बसून मुलास मुळीच न ओळखणारे परीक्षक होतो. या दोन आसनांवर आळीपाळीने बसल्यामुळे जे विचार सुचले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या वडील माणसांपुढे मांडावे असे मनात आहे.

प्रथम परक्या परीक्षकाची बाजू ऐकावी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. पुढे १८६२ साली या विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानड्यांच्या बरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आणि भांडारकरांचे शालेय शिक्षण आपल्या रत्नागिरीस झाले होते, ही गोष्ट आपल्या मुलांनी विसरू नये. मॅट्रिकची जागा पुढे एस.एस.सी.ने घेतली, १९६६ साली राज्य मंडळ स्थापन झाले, आणि आता रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ येथे आपल्या गावीच आहे. नावे बदलली, परंतु तत्त्व तेच राहिले. ते तत्त्व असे की, ज्याने मुलास कधी पाहिले नाही त्याने केवळ लिहिलेले पाहून गुण द्यावे.

या न ओळखण्यात मोठा न्याय आहे. आमच्यापुढे येणाऱ्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आडनाव नसते, शाळेचा शिक्का नसतो. लिहिणारा मुलगा बंगल्यात राहतो की खोपटात, त्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे की जाळ्यांचा ढीग, हे आम्हांस कळत नाही आणि कळू नयेच. आमच्या वर्गात एके काळी बंदराकडल्या वस्तीतून येणारी एक मुलगी होती. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, आई मासळी विकणारी. त्या घराला ओळखणारा असा कोणी मोठा माणूस गावात नव्हता. पुढे ती परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुंबईस गेली, तेव्हा तिच्या हाती कोणाची शिफारस नव्हती. मंडळाची गुणपत्रिका मात्र होती, आणि तेवढी पुरली. आमचा शब्द मुंबईत कोणी ऐकला असता, असे आम्हांस वाटत नाही. ज्याला कोणी वाली नाही, त्याच्या बाजूने साक्ष देणारा हा परका परीक्षक आहे. म्हणून त्यास सरसकट नावे ठेवणारांशी आमचे जमत नाही.

आता दुसरी बाजू. भाषेच्या तासाला आम्ही जे शिकवितो, त्यातील कितीतरी भाग कागदावर उतरतच नाही. एखादा मुलगा धडा असा वाचून दाखवितो की सारा वर्ग स्तब्ध होतो. एखादी मुलगी आजीकडून ऐकलेली गोष्ट अशा ठसक्यात सांगते की आम्हीच ऐकत राहतो. हीच मुले लेखणी हाती घेतली म्हणजे अडखळतात. तीन तासांच्या कागदाला कान नसतात. याकरिताच तोंडी परीक्षेचे वीस गुण शाळेच्या हाती दिलेले असतात. तथापि त्या वीस गुणांची कथाही आपण जाणतो. आपल्या मुलास कमी गुण देण्यास शिक्षकाचा हात धजत नाही. शेजारची शाळा अठरा देते म्हणून ही शाळा एकोणीस देते. आणि शेवटी सर्वांसच भरभरून मिळाल्यामुळे खरोखर उत्तम वाचणारा व कसाबसा वाचणारा एकाच रांगेत उभे राहतात. ओळखीत माया असते, आणि मायेला तराजू धरता येत नाही.

या दोन्ही गोष्टींचा पडताळा आपल्या राज्याने एकामागून एक अशा काही वर्षांत घेतला आहे, तो मुलांनी नीट समजून घ्यावा. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला व कोकण विभागाचा ९६ टक्के. पुढल्या वर्षी भाषा व समाजशास्त्रे यांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी दहावीस नवी पाठ्यपुस्तकेही आली होती. २०१९ चा निकाल राज्यात ७७.१० टक्क्यांवर घसरला व कोकणाचा ८८.३८ वर आला. पालकांत हाकाटी झाली. अन्य मंडळांच्या मुलांस शाळेचे गुण मिळतात आणि आमच्याच मुलांस का नाहीत, हा प्रश्न अकरावीच्या दारात उभा राहिला. मग ते वीस गुण परत देण्यात आले. २०२० साली भूगोलाचा पेपर महामारीमुळे रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले, आणि राज्याचा निकाल ९५.३० व कोकणाचा ९८.७७ टक्के झाला. शंभर टक्के गुण मिळविणारी मुले २०१८ साली १२५ होती, २०१९ साली २० उरली आणि २०२० साली २४२ झाली.

आता विचार करावा की, या तीन वर्षांत मुलांची बुद्धी एकदा खाली गेली व एकदा वर आली काय? शाळा त्याच होत्या, शिक्षक बहुतेक तेच होते, नदीपलीकडून तरीने व डोंगरावरून पायी येणारी मुलेही तशीच होती. माप बदलले म्हणून आकडा बदलला. २०१९ साली आमच्या ओळखीचा एक मुलगा इंग्रजीत थोडक्यासाठी नापास झाला. त्याचे वडील दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मुलगा मेहनती होता व बोलण्यात धीट होता. तोंडी परीक्षा असती, तर तो सुटला असता याविषयी आम्हांस शंका नाही. जुलैच्या फेरपरीक्षेत तो उत्तीर्ण झालाही. परंतु त्या दोन दिवसांत त्या घरात जी शांतता होती, तिची भरपाई कोणत्या फेरपरीक्षेने होणार? एक वर्ष आधी किंवा एक वर्ष मागाहून जन्मला असता, तर त्याच घरी पेढे वाटले गेले असते. ज्या आकड्यावर बाप मुलाशी बोलणे सोडतो, तो आकडा इतका हलका असतो, हे पालकांनी ध्यानात धरावे.

यावर कोणी म्हणेल की, मग ही मंडळाची परीक्षाच नको. तोही प्रयोग झाला. २०२१ साली महामारीमुळे दहावीची परीक्षा झालीच नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षातील शाळेच्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी व प्रात्यक्षिकाचे २० असे धरून गुण दिले गेले. त्या संकटात दुसरे करण्याजोगे फारसे नव्हते. निकाल ९९.९५ टक्के लागला. आपल्या कोकणात तर १०० टक्के. परंतु ती गुणपत्रिका हाती पडण्यापूर्वीच अकरावीसाठी निराळी प्रवेशपरीक्षा घ्यावी असे ठरले होते, व ऑगस्टात उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सर्वच उत्तीर्ण झाले तेव्हा उत्तीर्ण या शब्दावर कोणाचा विश्वास उरला नाही, आणि खरोखर अभ्यास केलेल्या मुलांचे तेज त्या शंभर टक्क्यांत झाकून गेले. परका साक्षीदार नसला म्हणजे काय होते, हे त्या वर्षी सर्वांनी पाहिले.

तरी परका परीक्षकही देव नव्हे. १९३५ साली इंग्लंडात सर फिलिप हार्टॉग यांनी परीक्षांचीच परीक्षा घेतली. एकसारखे गुण मिळालेल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका निरनिराळ्या परीक्षकांकडून तपासून घेतल्या, आणि वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्यांतील चौदा परीक्षकांस त्याच पुन्हा तपासावयास दिल्या. त्या २१० निर्णयांपैकी ९२ ठिकाणी त्याच परीक्षकाने आपलाच पहिला निर्णय बदलला. आम्हांस याचे नवल वाटत नाही. गठ्ठ्यातली पहिली उत्तरपत्रिका व चाळिसावी उत्तरपत्रिका यांच्यामध्ये डोळे थकतात, दिवा मंद वाटू लागतो आणि निबंधाच्या गुणांत एकदोनचा फेर सहज पडतो. याकरिताच वर नियामक असतो, आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागण्याची सोय असते. माप जितके मोठ्या कामाचे, तितके ते पडताळून पाहण्याची वाट मोकळी हवी.

परीक्षेचा खरा घात मात्र तपासण्यात नाही. एकाच आकड्यावर अनेक कामे लादण्यात आहे. इंग्लंडात १८६२ साली असा नियम झाला की, तपासनिसाने मुलांची परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेस सरकारी पैसा मिळावा. मुंबई इलाख्यातही ही रीत आली. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी त्या वेळी शाळांचा तपासनीस होता. त्याने या रीतीस कसून विरोध केला. कारण उघड होते. मूल म्हणजे शाळेच्या मिळकतीचा एक आकडा झाले. ज्यात पैसा नाही ते शिकविणे मागे पडले आणि घोकंपट्टी पुढे आली. इंग्लंडात ती रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेली व आपल्याकडे विसाव्याच्या आरंभी गेली. आज निकालावर पैसा मिळत नाही, परंतु कीर्ती मिळते. चौकाचौकांत शिकवणीवर्गांचे फलक लागतात, शाळा शंभर टक्क्यांच्या पाट्या लावतात, आणि कच्च्या मुलाकडे पाहताना 'हा आमचा आकडा खाली आणील' असा विचार शिक्षकाच्या मनास शिवू लागतो. हा विचार ज्या दिवशी शिवतो, त्या दिवशी शिकविणे संपते.

आपल्या आंबेवाल्यांस हे समजावून सांगावयास नको. पेटी भरताना हापूसचे फळ वजनाने व आकाराने निवडतात. चार डझनांच्या पेटीतले फळ मोठे, सहा डझनांच्या पेटीतले लहान. ही निवड खोटी नाही; तिच्यावाचून व्यापार चालणार नाही. परंतु फळात साका आहे की नाही, हे कापल्यावाचून कोणत्याही काट्यास सांगता येत नाही, आणि लहान फळ गोडीस कमी असे कोणताही बागाईतदार म्हणणार नाही. तो काट्याचे काम काट्याकडून घेतो व बाकीचे आपल्या अनुभवाकडून. मुलांच्या बाबतीत मात्र आपण काट्यासच गोडी विचारतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. सर्वांस एक अशी परीक्षा असावी. ती उठविली तर प्रथम गरिबाचे नुकसान होईल. तिने एवढेच सांगावे की, अमुक विषय या मुलाने अमुक इतका लिहून दाखविला. त्याच्या जोडीस शिक्षकाची साक्षही असावी. परंतु ती गुणांची खिरापत नसावी, तर हा कसा वाचतो, कोठे अडतो, कशात रमतो, हे चार वाक्यांत सांगणारी असावी, आणि वरच्या वर्गाच्या शिक्षकाने ती वाचावी. अकरावीस जागा कोणास द्यावी, शाळा चांगली की वाईट, घराची अब्रू वाढली की गेली, हे प्रश्न निरनिराळे आहेत. त्या सर्वांस एका टक्केवारीने उत्तर देऊ नये.

विद्यार्थ्यांनो, अभ्यास मन लावून करा. तुमच्या अक्षराखेरीज ज्याला तुमचे काही ठाऊक नाही, अशा माणसाला समजेल असे लिहिता येणे ही मोठी विद्या आहे. जन्मभर ती उपयोगी पडेल. निकाल हाती आला म्हणजे कोणता भाग कच्चा राहिला तेवढे त्यातून शिका आणि पुढे चला. आणि पालकहो, यंदा गुणपत्रिका घरी येईल तेव्हा ती वाचण्यापूर्वी मुलास जेवावयास वाढा. आकडा कोणताही असो, तो दुसऱ्या दिवशीही तितकाच राहणार आहे. मूल मात्र त्या रात्रीच्या तुमच्या एका शब्दाने वाढेल किंवा खचेल.